दोन डबे गोडं पाणी

चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, बाजूला थुंकायचं आणि म्हणायचं, "अजून खारट आहे." भाऊसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हे करताना. बहरैनला येऊन मला चार दिवस झाले होते आणि परदेशात माणसाचं काय काय होऊ शकतं याची एक यादी मी मनातल्या मनात करत होतो. माती खाणं मी त्या यादीत लगेच टाकलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जनाबियाला आमची कंपनी बंगले बांधत होती आणि कामाच्या कडेलाच आमचा कॅम्प होता. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एक मेस आणि एक पोर्टा केबिन. त्या केबिनमध्ये मी बसायचो. मी टाइमकीपर. कोण किती वाजता आला, कोण आजारी, कोण रजेवर, हे लिहायचं आणि साहेबाने विचारलं की इंग्रजीत सांगायचं. पेणहून आलेल्या बी.कॉम. पोराला तेवढंच येत होतं, पण मान ताठ ठेवून चालायची सवय मला फार लवकर लागली.

भाऊसाहेब कॅम्प-बॉय होते. खोल्या झाडणं, संडास धुणं, मेसच्या कचऱ्याची पिंपं बाहेर नेणं ही कामं करणाऱ्याला कॅम्प-बॉय म्हणत, मग त्याचं वय पन्नाशीच्या पुढे का असेना. ते सातारा जिल्ह्यात पूर्वी ग्रामसेवक होते. गावाकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, तेच नाव त्यांच्यामागून विमानात बसून इथवर आलं. आमचा मॅनेजर इंग्रज होता. त्याला वाटायचं हे माणसाचं पाळण्यातलं नाव, आणि तो "भाऊसाब, टॉयलेट!" अशी हाक मारायचा. आपण झाडूवाल्याला दिवसातून दहा वेळा साहेब म्हणतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आम्हाला तेवढीच करमणूक.

तर हे भाऊसाहेब एकदा केर काढता काढता माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "टाइमकीपर, तुझा प्रकल्प कुठला?"

"मला नोकरी आहे," मी म्हटलं.

"नोकरी सगळ्यांनाच हाय. प्रकल्प कुठला?"

त्यांचं मंडळ होतं. त्यांच्या उमेदीच्या काळात, स्वातंत्र्य नवं होतं तेव्हा, खेड्यापाड्यांत तरुण शेतकऱ्यांची मंडळं काढायची मोहीम निघाली होती. ग्रामसेवकाच्या प्रशिक्षणात त्यांना एक पातळ पुस्तिका मिळाली होती. तिचे दोन भाग होते. मुलांसाठी शेती आणि मुलींसाठी घरकाम. प्रत्येक सभासदाने एकच प्रकल्प घ्यायचा. कुणी एक पांढरी लेगहॉर्न कोंबडी पाळायची, कुणी गुंठाभर भुईमूग करायचा, मुलींनी परसबाग, शिवण, बिनधुराची चूल. आईबापांनी हात लावायचा नाही. केलेलं रोज वहीत लिहायचं, खाली सही करायची आणि महिन्याच्या मेळाव्यात सगळ्यांपुढे मांडायचं. बिघडलेलंही मांडायचं. सायकलवर वही बांधून भाऊसाहेबांनी ही मंडळं गावोगाव उभी केली. मुलींना शिकवायला ग्रामसेविका यायच्या. त्यांची बदली झाली आणि जागा भरलीच नाही, तेव्हा भाऊसाहेबांनी पुस्तिकेचा दुसरा भाग स्वतः पाठ केला आणि देवळाच्या ओसरीवर बसून पोरींना काजं करायला शिकवलं. गाव हसलं. पोरींनी काजं केली.

पुढे जिल्हा परिषदा आल्या, योजना बदलल्या, मंडळांना कुणी विचारीनासं झालं. अहवालाचा कागद मात्र दर वर्षी यायचा. वरच्या साहेबांनी सांगितलं, सगळी मंडळं चालू आहेत असं भरा. भाऊसाहेबांनी भरलं, दोनच चालू, बाकी बंद. त्यानंतर त्यांच्या बदल्या सुरू झाल्या त्या नोकरी सुटेपर्यंत. हे ते स्वतःहून सांगत नसत. विचारलं तर सांगत, तेही दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

कॅम्पमध्ये त्यांनी मंडळ काढलं आणि पहिल्याच दिवशी अडचण उघड झाली. शेती करायला जमीन नव्हती आणि घरकाम करायला मुली नव्हत्या. भाऊसाहेब म्हणाले, घर तर आहे ना. सहा फूट बाय अडीच फूट, खाली ट्रंक आणि वर चादर. ते नीट ठेवायचं कुणी? आणि गवंडी, सुतार, सळई बांधणारे, असे चाळीसएक दाढीमिशीवाले गडी पुस्तिकेचा मुलींचा भाग शिकायला लागले.

मी ते पाहिलंय, म्हणून सांगतो. तळहाताला घट्टे पडलेला सळईवाला सुईत दोरा ओवायला अर्धा तास बसला होता आणि भाऊसाहेब त्याच्या शेजारी गप्प बसून होते. एकदाही त्यांनी सुई हातात घेतली नाही. एक सुतार रजेवर गेला, घरी त्याने सकाळी उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या, तर त्याची आई रडायला लागली, परदेशात माझ्या लेकाचं काय केलं म्हणून. मीही शेवटी प्रकल्प म्हणून वरणभात घेतला होता. पहिला भात खाली लागला. भाऊसाहेबांनी झाकण उचललं, वास घेतला आणि त्यांचं ठरलेलं विचारलं, "मग, काय शिकलास?"

"जेवण मेसमध्येच करावं, हे शिकलो."

"लिही वहीत." मी लिहिलं. त्यांनी लाल पेन्सिलीने दहापैकी तीन गुण दिले. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

शेतीचा भागही त्यांनी सोडला नव्हता. मेसच्या मागे तेलाची पिंपं आडवी कापून त्यांनी वाफे केले होते. माती जवळच्या खजुराच्या बागेतली. तिथला म्हातारा अरब माळी आणि भाऊसाहेब यांना एकमेकांच्या बोलण्यातलं अक्षर कळत नसे. पहिल्या भेटीत भाऊसाहेबांनी त्याच्या बागेतली माती जिभेवर ठेवली. म्हाताऱ्याने ती कुठून घेतली ते पाहिलं, मान हलवली, "मफी, मफी," म्हणजे नाही, नाही, असं म्हणत दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथली चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि मग त्यांच्या हातावर. त्या दिवसापासून गोणीभर माती आणि शेणखत यायला लागलं. हिवाळ्यात मेथी, मुळा, टोमॅटो झाले. केरळचे लोकही मंडळात आले. मेळावा शुक्रवारी दुपारी मेसमध्ये भरायचा.

पाण्याचा नियम कडक होता. आमच्याकडे दोन पाणी. नळाचं खारं, ते अंघोळीला आणि धुण्याला. प्यायचं गोडं पाणी टँकरने यायचं आणि ते टाकीत असायचं. वाफ्यांना खारं चालत नसे आणि गोड्याला हात लावायचा नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मेसचा स्वयंपाकी बाजूला ठेवायचा, तेवढंच झाडांना.

आता जुलै सांगतो. तो सांगायचा म्हणूनच बाकीचं सांगितलं.

उन्हाने सगळे वाफे गेले होते, एक भेंडी तेवढी तग धरून होती. ती देवरुखच्या एका रंगाऱ्याचा प्रकल्प होती. मितभाषी, उंच माणूस. येऊन आठ महिने झाले होते आणि मागे झालेली मुलगी त्याने अजून पाहिली नव्हती. पुढच्या मेळाव्यात भेंडी मांडायची असं त्याने धरलं होतं. रविवारी टँकर आला नाही. सोमवारी आला नाही. टाकीचा नळ थेंबथेंब गळायला लागला, लोक बाटल्या उशाशी घेऊन झोपायला लागले. मंगळवारी दुपारी त्रिशूरचा एक गवंडी मालाच्या घमेल्याजवळून उठताना कोसळला. डोळे पांढरे, अंग भट्टीसारखं. त्याला पिकअपच्या मागे घालून हॉस्पिटलात नेलं तेव्हा तो जगेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कॅम्प पेटला. टँकर का आला नाही, हे विचारायला हवं होतं. ते ऑफिसला विचारावं लागलं असतं, म्हणून कुणी विचारलं नाही. कुणीतरी म्हणालं, बम्बईवाले भाजीला गोडं पाणी घालतात. रात्र पडायच्या आत सगळा कॅम्प तेच म्हणत होता. मॅनेजरलाही ते सोयीचं होतं. त्याने सांगितलं, ज्याने पिण्याचं पाणी झाडांना घातलं तो पुढच्या विमानाने घरी जाईल. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ते लोक सगळं वहीत लिहितात ना? ती वही उद्या सकाळी आण. तू वाचून दाखवायचं."

मी भेंडीची वही उघडली. शनिवारचं पान. रंगाऱ्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "भेंडी मान टाकत होती. दोन डबे गोडं पाणी घातलं. चूक झाली." खाली त्याची सही. त्याखाली लाल पेन्सिलीने, "भेंडीला शून्य. खरं लिहिलं, नोंदीला पूर्ण गुण."

चोरी करून ती सहीनिशी लिहून ठेवणारा माणूस जगात दुसरीकडे कुठे सापडेल, मला माहीत नाही. आमच्या मंडळात सापडला, आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

भाऊसाहेब पिंपं घासत होते. मी वही त्यांच्यापुढे धरली. "हे पान फाडू या," मी म्हटलं.

"पानांवर आकडे घातलेत."

"मग मी वाचताना बदलतो. धुण्याचं पाणी म्हणतो. साहेबाला मराठी कुठं येतं?"

ते घासायचे थांबले. त्यांची धाकटी मिरजेला नर्सिंगला होती, शेवटचं वर्ष होतं, तिच्यासाठी ते इथे संडास धूत होते. तोही हिशेब त्यांच्या मनात आला असेल. बोलले एवढंच, "तो गवंडी शुद्धीवर आला का?"

"अजून कळलं नाही."

"कळलं की सांग," म्हणाले, आणि परत घासायला लागले.

सकाळी केबिनमध्ये मॅनेजर खुर्चीत, भाऊसाहेब दाराशी उभे आणि मी वही घेऊन मध्ये. एसीचा आवाज चालला होता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मी तारखा वाचायला सुरुवात केली. सोमवारी तांदळाचं पाणी. बुधवारी कीड काढली. एकेका ओळीला माझा आवाज बारीक होत गेला. शनिवार आला. मी म्हणालो, "शनिवार. झाडं सुकत होती. दोन डबे धुण्याचं पाणी घातलं."

इंग्रजी चांगलं उतरलं होतं. मॅनेजरने मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. पण त्याची नजर लाल पेन्सिलीवर गेली होती. "हे काय आहे?"

"शेरा आहे, सर."

तो भाऊसाहेबांकडे वळला. "हा सांगतो ते बरोबर?"

भाऊसाहेबांचं इंग्रजी मोजून वीस-पंचवीस शब्दांचं. ते पुढे आले. झाडू भिंतीला टेकवला. "नो सर," म्हणाले. "स्वीट वॉटर. टू टिन. आय पुट."

मॅनेजरला वाटलं, वहीत खोटं लिहिलं होतं ते हा आता कबूल करतोय; माझ्या इंग्रजीवर त्याला शंका आली नाही. भाऊसाहेब माझ्याकडे बघत नव्हते.

मॅनेजरने बोट सहीवर ठेवलं. "ही सही याची?"

प्रश्न मला होता. सही देवनागरीत होती, रंगाऱ्याचं नाव आडनावासकट स्वच्छ वाचता येत होतं. त्या केबिनमध्ये ते वाचू शकणारी माणसं दोनच. मी म्हणालो, "येस सर."

"आणि हा शेरा?"

"त्याचाच."

"स्वतःच स्वतःला गुण देतो हा?" मॅनेजर हसला. "खलास. व्हिसा रद्द, फायनल एक्झिट करा याचं."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. खरंच चिडलो. "मी झाकलं होतं ना सगळं? कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"आरं, तो माणूस पडला," ते म्हणाले. "पाणी गेलं होतं, म्हणजे गेलं होतं. गेलंच न्हाई, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"मग तुम्ही घातलं असं का सांगितलंत? ते तरी खरं आहे का?"

वीस वर्षं एका आकड्यासाठी बदल्या खाल्लेला हा माणूस पायांकडे बघत उभा राहिला. शरमलेला होता. मग म्हणाला, "रंगाऱ्यानं नुसतं लिहिलं म्हणून सापडला. लिहायला मी शिकवलं."

संध्याकाळी रंगारी कामावरून आला तो सरळ माझ्याकडे. "मी जातो साहेबाकडं. मी घातलंय पाणी, मी सांगतो."

"बस," मी म्हटलं. "तू गेलास तर ते परत येणार नाहीत. तूही जाशील. मुलीचं तोंड बघायला रिकाम्या हाताने जायचंय का?" तो खाली बसला, डोकं गुडघ्यात घातलं. त्याला मी वाचवलं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. तो गेला असता तर साहेबाने पहिला प्रश्न सहीचा विचारला असता, आणि सहीबद्दल खोटं मी बोललो होतो. माझीही नोकरी गेली असती. मी मला वाचवलं. आता हे लिहायला हरकत नाही.

गुरुवारी सकाळी पिकअप आली. त्यांच्याकडे एक बॅग आणि एक वळकटी. पासपोर्ट मीच त्यांच्या हातात दिला. रंगारी दाराशी उभा होता. भाऊसाहेब त्याला म्हणाले, "उद्या मेळावा चुकवू नका." आणि मला म्हणाले, "गवंडी घरी आला की त्याला पेज करून दे. तुला जमेल." ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला," आणि गाडी मुहर्रकच्या विमानतळाच्या रस्त्याला लागली. टँकर त्याच दिवशी दुपारी आला.

शुक्रवारी मेळावा भरवायचा की नाही यावर कुणी बोललं नाही. लोक आपापलं घेऊन मेसमध्ये येत गेले. कुणी ठिगळ लावलेला शर्ट, कुणी चपात्या. त्रिशूरचा गवंडी आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलातून परत आला होता. तोही आला आणि भिंतीला टेकून बसला, गाल आत गेलेले. त्याच्यासमोर केरळची, बिहारची, कोकणातली अशी सगळी माणसं बसली होती. गुण द्यायला कुणी नव्हतं.

रंगाऱ्याने भेंडीची भाजी केली होती. पातेलं मधे ठेवून तो उभा राहिला आणि हिंदीत बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून. "भाऊसाहेब ने पानी नहीं डाला. मैंने डाला. पीने का पानी. दो डब्बा."

आमच्या कॅम्पमध्ये दुपारी झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मॅनेजरच्या कानावर जायची, ती नेणारेही आम्हाला ठाऊक होते आणि त्यातले दोघे समोरच बसले होते. सगळे गवंड्याकडे बघत होते. बोलायचा हक्क त्याचाच होता.

तो हाताच्या आधाराने उठला, रांगेतून एक ताटली उचलली आणि पातेल्याजवळ आला. "डालो," म्हणाला. रंगाऱ्याने वाढलं. गवंडी तिथेच, त्याच्यासमोर खाली बसून खायला लागला. मग एकेक करून सगळे उठले. ते दोघेही उठले.

ती गोष्ट मॅनेजरच्या कानावर कधीच गेली नाही. मी त्या कॅम्पमध्ये आणखी सहा वर्षं होतो, म्हणून खात्रीने सांगतो. भेंडी तोडायला उशीर झाला होता, ती निबर झाली होती, चावता चावत नव्हती. आम्ही पातेलं रिकामं केलं.